पंधराच्या पुढं खरखर

न्हाई न्हाई, ठाकूर, कर्ण्याला हात लावू नका, कर्ण्याची काही तकलीफ न्हाई — आतलं बघा, आतलं. तुमच्या ह्या घड्याळांवाणीच चावी भरली का आधी बराबर फिरतो, मग मधीच दमतो, आन् आवाज असा जाड, लांबलांब येतो, रेडा बोलून राहिल्यावाणी. — काय म्हणता? ऐकू येत न्हाई? थांबा, मीच जवळ सरकतो. माझा आवाज एवढाच हाये. सर्दी न्हाई, पडसं न्हाई, घसा बसला बी न्हाई — घसा गेला. बसलेला कवा तरी उठतो, गेलेला येत न्हाई. सरकारी दवाखान्याचे डाक्टर म्हणले, मास्तर, एवढंसुद्धा बोलू नका. मी म्हणलं, साहेब, गायीला सांगा रवंथ करू नको म्हणून. — व्हय, मास्तर हाये मी. नामाजी मास्तर. नरसीच्या पलीकडं, सेनगावाच्या वाटंवर आमचं गाव. आन् हा फोनो शाळेचा हाये. हसा, हसा. फोनो म्हणलं का लोकांना लग्न आठवतं, गाणंबजावणं आठवतं. हा पाढे म्हणतो. खोटं न्हाई सांगत. तुमचं झालं म्हणजे वाजवूनच दावतो — फकस्त वाजवताना तेवढं दार लावून घेऊ आपण. बाहेर तो लिंब दिसतो ना, त्याच्याखाली मेंढरं बांधलीत, ती आमच्या दगडोबाची. बाजारला विकायला आणलीत. त्यांच्यामुळं दार लावायचं. काहून ते सांगतो, समदं सांगतो, तुमी पेच खोला.

पुढल्या महिन्यात तालीमात खात्याचे, शाळा तपासणारे, नवे साहेब दौऱ्यावर येणार हायेत. त्यांच्यापुढं ही तबकडी एक डाव नीट वाजली पाहिजे, बस. बाकी मला काही नको. आमची शाळा खाजगी, तिला सरकारची इजाजत लागते, आन् इजाजत साहेबाच्या हातात. नवा साहेब, नवं डोकं — जुन्याचं काही त्याला ठाऊक नसणार. — जुन्याचं काय? काही न्हाई. ते सोडा. ही तबकडी बघा आधी. जपून, कडेला धरा. पांढरी हाये ना? बाकीच्या काळ्या असतात. ही जर्मनची हाये, आपल्या पातेल्याच्या जर्मनची. दुकानात विकत मिळते तसली न्हाई ही. ह्याच्यात मी हाये. माझा आवाज हाये. तवाचा.

तवाचा म्हणजे काय आवाज होता, ठाकूर! आमी हटकर, मेंढरं राखणारी माणसं. ह्या टेकाडावरून त्या टेकाडावर हाळी घालायची तर आवाज पोटातून काढावा लागतो. बाप म्हणायचा, नाम्याची हाळी ऐकून मेलेलं मेंढरू उठल. तोच आवाज घेऊन नरसीच्या पंतोजीकडं गेलो, धूळपाटीवर बोट घासून घासून अक्षर शिकलो, आन् परत येऊन गावात शाळा घातली. उत्तमराव देशमुखांनी त्यांची पडवी दिली. आता शिकवायचं म्हणजे काय करायचं? — तुमी सांगा. न्हाई, मीच सांगतो. मास्तरनं म्हणायचं, पोरांनी मागं म्हणायचं. झालं. माझ्या मास्तरनं तेच केलं, त्याच्या मास्तरनं तेच केलं असल. मी म्हणायचो 'तेरा चोक', आन् पडवीतून असं 'बावन्न' उठायचं का वळचणीचे पारवे उडून जायचे. रस्त्यानं जाणारे गाडीवान बैल थांबवून ऐकायचे. मला वाटायचं, ह्याच्याहून मोठी विद्या दुसरी कोणती असल? पोरं बोलून राहिलीत, एका तालात, एका दमात, कुठं चूक न्हाई — म्हणजे मी शिकवून राहिलो. असंच वाटायचं मला. लई वर्षं वाटलं.

मग घसा धरला. आधी सकाळी सकाळी, मग दिवसभर. कोणी मध चाटवला, कोणी ज्येष्ठमध चघळायला दिलं, कोणी म्हणलं नामदेवापुढं बसून भजन म्हण म्हणजे खुलल — अरे बाबा, म्हणता आलं असतं तर तुझ्याकडं कशाला रडत आलो असतो! उत्तमरावांनी हा फोनो लेकीच्या लग्नात आणला होता. लग्न झालं आन् हा माळवदावर धूळ खात पडला. ते म्हणले, मास्तर, हैदराबादेत एक दुकान हाये, तिथं कर्ण्यात बोललं का तबकडीवर आवाज उमटवून देतात. आवाज हाये तवर भरून ठेवा, आपण बियाणं ठेवतो तसं. मला ते लई पटलं. हिंगोलीच्याच टेसनावरून गाडीत बसलो, पूर्णेला बदलली, हैदराबाद. दुकानातला माणूस म्हणला, एका बाजूला येवढाच वेळ मावतो, भराभर आटपा. आता भराभर कसं आटपू? मी म्हणणार, मग पोरांना म्हणायला जागा सोडणार — जागा सोडली न्हाई तर ती शाळा कसली, ते तर कीर्तन झालं. मी म्हणलं, 'अकरा एके अकरा', आन् गप उभा राहिलो. पोरं म्हणतील येवढा वेळ. मग 'अकरा दुणे बावीस', पुन्हा गप. तो माणूस काचेमागून हात हालवून राहिला — बोला, बोला, गप काहून? त्याला वाटलं मास्तर विसरला. मी कशाला विसरतो! त्या गप जागेत मला माझी समदी पोरं दिसत होती, ठाकूर, रांगंनं बसलेली, शेंबडी, उघडीनागडी. पण जागा सोडता सोडता तबकडी सरली. पंधराचा पाढा झाला आन् त्यानं हात वर केला. खलास. सोळाला जागा उरली न्हाई. — दुसऱ्या बाजूला? दुसऱ्या बाजूला काही न्हाई. दुसरी बाजू भरायची म्हणून घोटभर पाणी प्यालो, तोंड उघडलं, आन् आवाज आलाच न्हाई. तो त्या दुकानातच राहिला. मी तबकडी कापडात गुंडाळून गावाला आलो, आन् तेव्हापासून हा असा बोलून राहिलो.

पहिलं साल काय सांगू! पडवीत मधोमध फोनो, भवती पोरं, आन् मी चावी भरून बाजूला बसायचो, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा. तबकडी म्हणायची, पोरं मागं म्हणायची. आजूबाजूच्या गावचे लोक बघायला यायचे. मला वाटलं, आता मी मेलो तरी शाळा मरत न्हाई. पण बसून ऐकायला लागलो ना, तवा एक एक दिसायला लागलं. बोलणाराला ते दिसत न्हाई. तबकडी थकत न्हाई, रागावत न्हाई, छडी घेत न्हाई, समदं खरं — पण एखाद्या लेकरानं मधीच 'काहून?' म्हणून विचारलं तर ती थांबत बी न्हाई. आपली पुढं जाते. मी हसलो आधी, म्हणलं यंत्रच ते, त्याला काय कळतं. मग आठवून बघितलं, मी तरी कवा थांबलो होतो? मी बी पुढंच जायचो की! पोरांना पंधरा चोक साठ झोपेत येत होतं. पण पंधरा पंधरा पेंढ्यांच्या चार गंजी दाखवून किती झाल्या म्हणून विचारलं, तर एक, दोन, तीन करत सांजपस्तोर मोजत बसायची. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार? आन् सोळा — आमच्या गावात सोळा न्हाईच! पंधराच्या पुढं सुई नुसती खरखर करायची, तर पोरं बी 'पंधरा दाही दीडशे' झालं का तोंडानं खर्र, खर्र करायची. मनापासून. एका तालात. मी सांगायचो, अरे गाढवांनो, खरखर पाढ्यात न्हाई. पण माझं कोण ऐकणार? माझा आवाज मागल्या रांगंपस्तोर जातच नव्हता. तबकडीचा जात होता. — हसा, मी बी हसायचो तवा.

आता मेंढराचं. आमच्या गावात दिवाळी झाली का अर्धी पोरं शाळेतून उठून जातात. मेंढरं चारत चारत कयाधूच्या काठानं पैनगंगेपस्तोर जायचं, मिरगाला परत यायचं. तेवढ्यात शिकलेलं समदं धुऊन जातं, पालथ्या घड्यावर पाणी. मी दगडोबाला म्हणलं — दगडोबा आमच्या भावकीतला, मेंढरंवाल्यांत मोठा, त्याचा शब्द चालतो — मी म्हणलं, पोरं शाळेत येत न्हाईत तर शाळा पोरांमागं धाडू. फोनो तट्टूवर बांधा. सांजच्याला जिथं मुक्काम पडल तिथं एक डाव लावा, पोरं मागं म्हणतील. आता तुमीच सांगा, ह्याच्यात माझं काय चुकलं? हैदराबादेच्या बड्या साहेबाला तरी हे सुचलं असतं का? दगडोबा भला माणूस. तट्टूवर गोधडी टाकून, तिच्यावर लेकरू बसवल्यावाणी हा फोनो न्हेला. रोज न चुकता लावला. दुकानदारानं सांगितलं होतं, हिला पोलादाची सुई लावू नका, चरे पडतील. लाकडाच्या दिल्या होत्या, त्या सरल्या, तर दगडोबानं बाभळीचा काटा तासून लावला — आन् चालला की! पण ठाकूर, सांजच्याला मेंढरं बी येतात ना! तीच येळ जाळी ठोकून मेंढरं कोंडायची, आन् तीच येळ त्यांना मीठ चाटवायची. इकडं 'अकरा एके अकरा', तिकडं मीठ. थोडेच दिस गेले, आन् मेंढरं शिकली. तुमचा विश्वास बसायचा न्हाई. चार शेतं पलीकडं चरत असली तरी कर्ण्यातून 'अकरा' निघाला का माना वर, आन् पळत पळत जाळीत. हाळी नको, कुत्रं नको, काठी नको. मी जन्मभर शिकवलं, येवढं येवढ्या लवकर कोणी शिकलं न्हाई.

आन् पोरं? पोरांना काम लागलं. 'अकरा' ऐकला का उठायचं, पळत जाऊन जाळीचं तोंड धरायचं, मेंढरं आत घ्यायची. मागं म्हणायला कोण थांबतं? पोरांसाठी सोडलेल्या त्या गप जागेत मेंढरं ब्यॅ करायची. मिरगाला समदे परत आले, आन् जुने साहेब आले तपासायला. — व्हय, हेच ते जुन्याचं. ऐका आता, निघालंच हाये तर. पडवी सारवली, पोरांना टोप्या घातल्या, साहेब खुर्चीत बसले, उत्तमराव शेजारी. मी सुई ठेवली. 'अकरा एके अकरा' — आन् पोरं उठली. एका तालात, एका दमात, कुठं चूक न्हाई — उठली आन् पळाली! मी हात वर करून राहिलो, पण आवाज न्हाई तर थांबवू कशानं? मागच्या आवारात दगडोबाची मेंढरं होती. त्यांनी काट्याचं फाटक पाडलं आन् घुसली पडवीत, साहेबाच्या खुर्चीभवती, मीठ हुडकत. एक तर साहेबाचा जोडा चाटून राहिली. साहेब हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं, ठाकूर, रागावलेल्या माणसाला समजावता येतं. जाताना म्हणले, मास्तर, शागिर्द तुमचे हुशार हायेत, फकस्त चार पायांचे हायेत. आन् गेले. इजाजत बी त्यांच्यासंगं गेली. गाढवापुढं वाचली गीता, असं म्हणायची बी सोय राहिली न्हाई मला — गाढवाला काही कळलं नव्हतं, ह्यांना तर समदं कळलं होतं.

— मग आता कोणती शाळा? शाळा हाये ना. म्हणजे पडवी हाये. ह्या साली पडवीत उत्तमरावांचा कापूस भरलाय, तेवढा उचलला का... न्हाई. तुमच्याशी कशाला खोटं बोलू, तुमचं माझं ना नातं ना गोतं. शाळा न्हाई, ठाकूर. त्या दिवसापासून न्हाई. मी दगडोबाच्या मेंढरांसंगं फिरून राहिलो. तो दोन येळची भाकर देतो. अजून मास्तर म्हणतो. त्याची बायको चांगुणाबाई, ती आधी मला वाढती, मग त्याला. आन् मी सांजच्याला चावी भरतो, सुई ठेवतो. तेवढंच काम. आज बी त्यानंच धाडलं मला तुमच्याकडं. त्या जाड आवाजाला मेंढरं बिचकतात, जाळीत येत न्हाईत, म्हणून. — आन् नवे साहेब? नरसीला एक जण म्हणला, येणार हायेत. खरं असल, खोटं असल. मी म्हणलं, आपण खरंच धरून चालू. दुसरं धरायला काय हाये?

दगडोबाला तरी काय बोल लावू? त्याचा लेक लखमा माझ्याच हाताखाली होता. तबकडीच्या आधीची गोष्ट, मीच म्हणायचो तवा. समद्यांत चांगला पोरगा माझा. आवाज आला का उभा राहायचा, मागं म्हणायचा, उलटून कवा विचारलं न्हाई त्यानं काही. मला त्याचं लई कौतुक. मग लढाई लागली, हिंगोलीच्या छावणीत भरती निघाली. लिहिता येतं, आकडा येतो म्हणून ह्याला लगेच घेतला. जायच्या दिवशी माझ्या पाया पडायला आला. मी म्हणलं, लखमा, कशाला चाललास बाबा तिकडं, कोणाची लढाई, कुठला मुलूख? तर म्हणला, बोलावलं ना, मास्तर. बस, येवढंच. बोलावलं ना. तसा उभा होता माझ्यापुढं, सरळ, पाढा म्हणायला उभा राहावा तसा. लढाई सरली, लखमा आला न्हाई. दगडोबा मला ह्याच्यावरून कवा एका शब्दानं बोलला न्हाई. एकदाच, भाकर खाता खाता म्हणला, मास्तर, तुमी पोरं शिकवली, ती गेली. मेंढरं शिकवली, ती सांजच्याला घरला येतात. मला हीच शाळा बरी. — काय उत्तर द्यावं ह्याला? तुमी देऊन बघा. मी तर उठून फोनोची चावी भरली.

म्हणून एक विचारायचं होतं तुमाला. फोनोचं निमित्त, खरं ह्याच्यासाठी आलो. ह्या तबकडीवरून दुसरी तबकडी निघती का? एक दगडोबाला, एक मला. — इथं न्हाई निघत, ते ठाऊक हाये मला. हैदराबादेत? — ते दुकान बी उठलं म्हणता? मुंबईला? मान हालवून राहिले तुमी. बरं. मग ते न्हाई. — आन् झिजली हाये. व्हय, मला बी ऐकू येतं ते. तेराच्या पाढ्यात आता माझ्यापेक्षा खरखरच जास्त हाये. रोज सांजच्याला लावली तर ही होळी बी बघायची न्हाई, असंच ना? मग एक करा, ठाकूर. पाया पडतो तुमच्या. तबकडी तुमी ठेवून घ्या. त्या पेटीत, घड्याळांच्या तळाला. दगडोबा आला का सांगा, तडकली, कामातून गेली. खोटं बोलायला बी आवाज लागतो, तो माझ्यापाशी न्हाई, तुमी बोला. नवा साहेब येवो न येवो. कुठं बी चार पोरं बसवीन, झाडाखाली बसवीन. आन् ह्या डावाला मी सुई मधीच उचलणार. 'तेरा चोक बावन्न' झालं का उचलली सुई, आन् पोरांना विचारलं, काहून? बावन्नच काहून? एक्कावन्न काहून न्हाई? मूठमूठ चिंचोके द्यायचे, म्हणायचं मांडा, बघा, भांडा माझ्याशी. ह्याला मोठा आवाज लागत न्हाई, ठाकूर! कानात बोललं तरी होतं. येवढी साधी गोष्ट मला घसा गेल्यावर कळली. — मग तबकडी कशाला पाहिजे? अहो, पोरं गोळा व्हायला! माझ्या ह्या असल्या आवाजाला कोण गोळा होतंय? एक डाव जमली का पुढचं मी बघतो. — ठेवता? ठेवता ना? देव तुमचं भलं करो. लई दिसांनी कोणी माझं पुरतं ऐकून घेतलं.

झाला का? फिरतो, फिरतो, बराबर फिरून राहिला. तुमच्या हाताला यश हाये. — आवाज बघायचा म्हणता? बघा, पण आधी दार — अहो, दार लावा आधी — ठाकूर, दार —

...ऐकलं? हा मी. हा मी हाये, ठाकूर. 'अकरा एके अकरा.' बघा कसा खणकन येतो, पोटातून. आन् ही गप जागा, ही पोरांची — ऐकलं तुमी? बाहेरून. लिंबाखालून. ब्यॅ केलं. 'अकरा दुणे बावीस' — पुन्हा! समद्यांनी. बघा, एका तालात. दावी तोडून राहिलीत, तो खाटकाचा माणूस तिकडं ओढून राहिला, ती इकडं. सुटली. आली, पायरीवर आली. ही कानतुटी बघा, ही नेहमी पुढं असते. माना वर करून कर्ण्यात बघून राहिलीत. मीठ न्हाई, बायांनो. मीठ न्हाई माझ्यापाशी आज. — उचला ती सुई. ठाकूर, उचला!

दगडोबा आला दारात. काय म्हणला ते ऐकलं का तुमी? म्हणतो, बरं झालं मास्तर, नीट झाला. सौदा तर जमला, पण खाटकामागं एक पाऊल टाकंनात, समदे ओढून ओढून थकले. फोनो घेऊन पुढं चला, म्हणतो. खाटिकवाड्याच्या दारात ठेवा आन् लावा, आपोआप येतील. हसून सांगून राहिला. वाईट मनात काही न्हाई त्याच्या. त्याला वाटतं, किती सोपं झालं काम.

मी न्हाई म्हणलं. आत्ता म्हणलं, तुमी ऐकलं ना? तुमी जवळ बसलेत म्हणून ऐकलं. त्याला ऐकू गेलं न्हाई. 'काय मास्तर?' म्हणतो. पुन्हा म्हणलं, न्हाई. पुन्हा 'काय?' म्हणून राहिला, कानामागं हात धरून.

काही न्हाई, दगडोबा. येतो. आलोच.

— न्हाई, ठाकूर, आता पेटीत नका ठेवू. कोणासाठी ठेवता? माझ्या मागं म्हणणारे ते काय, पायरीवर उभे हायेत. राहू द्या तिला फोनोवरच. चावी भरा. पुरी भरा, मधीच थांबली तर बिचारी वाटंत उभी राहतील. जागा लांब न्हाई. पंधराच्या आत समदी आत जातात. — बसा तुमी, बसा आपल्या घड्याळांपाशी. आन् मी गेलो का दार लावून घ्या.